गाडीला माती

"विकायला काढली काय गाडी?"

वॉचमनमामांचा प्रश्न रास्त होता. आमच्या सोसायटीत कोणी सकाळी साडेसहाला दोन बादल्या, चार फडकी आणि स्प्रेची बाटली घेऊन पार्किंगमध्ये उतरलं, तर संध्याकाळी गिऱ्हाईक गाडी बघायला येणार असं समजायचं. "नाही मामा, उद्या खंडेनवमी, परवा दसरा," एवढं सांगून मी सुटलो. खिशातली निळी वडी त्यांना दाखवली नाही. दाखवली असती तर ती काय आहे हे समजावण्यात अर्धा तास गेला असता, आणि ऑक्टोबरचं ऊन आठच्या पुढे कोणासाठी थांबत नाही.

आमच्या घरात त्या वडीला 'माती' म्हणतात. खोक्यावर 'क्ले बार' असं छापलेलं होतं, म्हणजे धुऊनही न निघणारी, गाडीच्या रंगावर घट्ट बसलेली घाण काढायची वडी. मुलीने शाळेतल्या इंग्रजीच्या जोरावर त्याचं मराठी केलं आणि तेच नाव चिकटलं. "आजोबा, बाबा गाडीला माती लावतायत," असं तिने पहिल्यांदा जाऊन सांगितलं तेव्हा आण्णांनी हातातला पेपर खाली ठेवला होता. मराठीत मातीचं नाव तसं चांगल्या कामासाठी निघत नाही. माणूस माती खातो, हातातल्या कामाची माती करतो. कौतुकाची म्हणावी अशी एक शाडूच, आणि तिच्याही नशिबी दीड दिवसात किंवा दहा दिवसांत विरघळणं असतं.

ही माती मात्र ना शेतातली, ना कुंभाराची. पॉलिब्युटीनसारखं चिवट रेझिन आणि त्यात मळलेली अतिशय बारीक घासणारी पूड, असा तो गोळा. हाताला साधारण थंडीतल्या कणकेसारखा लागतो. आधी घट्ट, मग मळत गेलं की ऐकायला लागणारा. अंगाच्या साबणाच्या वडीएवढा तुकडा मी साडेचारशे रुपयांना घेतला होता. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

आता गाडीबद्दल. पांढरी वॅगन-आर, २०१५ची. आम्ही चिंचवडला राहतो ती इमारत रेल्वेला खेटून आहे. कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे थोडं रान माजलेलं, की लगेच रूळ. लोणावळा लोकल, मुंबईच्या एक्स्प्रेस, रात्री मालगाड्या. पाहुणे पहिल्या रात्री दचकून उठून बसतात. आम्हाला गाडी गेलेली कळत नाही, गेली नाही तर कळतं. २०२०च्या लॉकडाउनमध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा आण्णांची पहाटेची झोप गेली होती. तर आमची पार्किंगची जागा नेमकी त्या भिंतीलगत, वर छप्पर नाही. छप्पर म्हणाल तर शेजारच्या बंगल्यातला आंबा, आणि त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

तिसऱ्या वर्षी टपावर आणि बोनेटवर नारिंगी ठिपके दिसायला लागले. मोहरीहून बारीक, खसखशीएवढे. लांबून काही नाही, पण जवळ गेलं की पांढऱ्या रंगावर शेकड्याने. बायको म्हणाली, "गाडीला कांजिण्या आल्यात." मी गाडी एका गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने बोनेटवर टिचकी मारली, मान हलवली आणि डॉक्टरच्या आवाजात सांगितलं, "बॉडी आतून सडायला लागली. आता रबिंग मारून देतो, पण पुढच्या पावसाळ्याच्या आत टप रंगवून घ्या." रबिंगचे बाराशे रुपये झाले. गाडी नव्यासारखी चकाकली. दोन महिन्यांत कांजिण्या परत, त्याच जागी.

सडणं वगैरे काही नव्हतं. लोखंडावर लोखंड घासलं की कीस पडतो, एवढी साधी गोष्ट. रुळावर चाक घासतं, चाकावर ब्रेक घासतो, आणि त्यातून लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे कण उडतात. काही तापलेले असतात, ते रंगावर पडले की नुसते बसत नाहीत, रुततात. वर जून महिना आला, हवा दमट झाली, की कण गंजतो आणि तेव्हा कुठे आपल्याला दिसतो. म्हणजे गंज होता, पण आमच्या गाडीचा नव्हता, रेल्वेचा होता. अमेरिकेत याला 'रेल डस्ट' असंच नाव पडलं आहे, कारण तिथे कारखान्यातून नव्या मोटारी मालगाडीवर चढवून दूर पाठवतात आणि विकायला उभ्या राहण्याआधीच त्यांच्या अंगावर असे कण रुतलेले असतात. रबिंगने त्या कणांची फक्त डोकी उडाली, मुळं तिथेच राहिली आणि पुन्हा गंजली. शिवाय रबिंगने रंगाचा वरचा थर थोडा खाल्ला तो वेगळाच.

त्या थराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळा खेळ त्याच्यावर आहे. गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि त्याच्यावर हल्ली पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे थर मिळून शंभर-दीडशे मायक्रॉन भरतात आणि त्यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नासच्या आसपास. माणसाचा केस ढोबळमानाने सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्याच्यावर आपण चमक, ऊन, पाऊस, पक्षी आणि शेजाऱ्यांची पोरं यांचा भार टाकतो, तो थर केसाहून पातळ. गॅरेजमधली 'रबिंग-पॉलिश' ही जोडगोळी म्हणूनच मला आता बघवत नाही. दर दिवाळीला रबिंग मारून घेणारे लोक मला माहीत आहेत. त्यांना वाटतं आपण गाडीला उटणं लावतोय.

एक हिशेब मी त्या काळात केला. आमची गाडी दिवसाला फार तर दीड तास चालते. उरलेले साडेबावीस तास ती भिंतीलगत उभी असते. गाडी खराब होते ती रस्त्यावर, अशी आपली समजूत. रस्त्यावर डांबराचे शिंतोडे उडतात, चाकांच्या बाजूला ब्रेकची धूळ बसते, हे खरंच आहे. पण आमच्या गाडीवर जे काही घट्ट बसलंय त्यातलं बहुतेक ती नुसती उभी असताना बसलंय. लोखंडाचा कीस. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग, जे आमच्या धुणाऱ्या पोराची रोजची भेट. आणि तो आंबा. माघ-फाल्गुनात त्याला मोहोर येतो, मोहोरावर तुडतुडे येतात आणि ते गोड चिकट रस सोडतात. कोकणातल्या बागायतदाराला विचारा, तो या किड्याच्या नावाने बोटं मोडेल, कारण त्या चिकटावर पुढे काळी बुरशी धरते. बागायतदाराचं पीक जातं, आमची फक्त काच चिकट होते, तेव्हा तक्रार करायची सोय नाही. पण टपावर तो रस रोज थोडा थोडा बसतो, वर धूळ बसते, वर ऊन पडतं, आणि मे महिन्यापर्यंत त्याचा पापुद्रा होतो. साबणाने तो जात नाही.

हे सगळं दिसतं का, तर नाही. धुतलेली पांढरी गाडी लांबून पांढरीच दिसते. कळतं ते हाताला. धुऊन पुसलेल्या बोनेटवरून मी पहिल्यांदा लक्ष देऊन बोटं फिरवली तेव्हा मांजराची जीभ लागावी तसं लागलं. मग कुठेतरी युक्ती वाचली की हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बघा. प्लास्टिकबंदी २०१८ला आली, त्यामुळे भाजीची ती झिरमिरीत पिशवी घरात शोधून सापडेना. शेवटी ब्रेडच्या पुडक्याचं वेष्टण हातात चढवलं. आणि काय सांगू, उघड्या हाताला जी मांजराची जीभ होती ती वेष्टणातून चक्क रवाळ लागायला लागली. कण न् कण मोजावा असा. त्याचं कारण साधं आहे. कातडी पृष्ठभागाला धरते, थोडी चिकटते, आणि त्या धरण्यात बारीकसारीक उंचवटे हरवतात. मध्ये निसरडं काही आलं की धरणं संपतं आणि उंचवटे तेवढे उरतात. डेंटिंगवाले कसबी लोक पत्र्यावरून हात फिरवताना मध्ये पातळ फडकं घेतात ते याचसाठी.

स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली बोटांची परीक्षा घेतली होती. गुळगुळीत पृष्ठभाग आणि अतिशय बारीक सुरकुत्यांचा पृष्ठभाग शेजारी ठेवून माणसांना फरक ओळखायला लावला. अवघ्या तेरा नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही बोटांनी ओळखल्या. एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर. केसाच्या जाडीचे पाच हजार भाग केले तर त्यातला एक जेवढा, तेवढं बोटाला कळलं. ही बातमी मी आण्णांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "मग? ह्यात काय नवीन?"

त्यांच्यासाठी खरोखर काही नवीन नव्हतं. आण्णा कराडकडचे. १९७०च्या दशकात चिंचवडला आले आणि मशीन टूल बनवणाऱ्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. फिटरमधले पण स्क्रेपिंगवाले. हे काम आता थोडक्या जागी उरलंय, म्हणून सांगतो. लेथचा किंवा ग्राइंडरचा बेड मशीनवर कितीही नीट तासला तरी तो पुरेसा सपाट नसतो. मग सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट केलेल्या पाटावर, निळ्या रंगाचा पातळ हात फिरवायचा. बोटाच्या ठशाइतका पातळ, त्याहून जाड लावला तर प्लेट खोटं बोलते. त्यावर जॉब, म्हणजे सपाट करायचा तो भाग, घासायचा आणि उलटा करायचा. जिथे उंचवटा तिथे निळा ठिपका उठतो. हातातल्या स्क्रेपरने तेवढेच ठिपके खरवडायचे, एकेका फटक्याला काही मायक्रॉन. पुसायचं, पुन्हा निळं, पुन्हा घासायचं. सुरुवातीला आख्ख्या बेडवर चार-दोन मोठे डाग उठतात. दोन दिवसांनी तेच फुटून बारीक होतात, पसरतात. चौरस इंचात वीस पॉइंट आले की आण्णा स्क्रेपर खाली ठेवायचे.

लहानपणी मला त्यांच्या हाताचं एकच आठवतं, नखांच्या कडेला निळं. रविवारीसुद्धा जात नसे. दर खंडेनवमीला ते स्क्रेपर घरी आणायचे, धुऊनपुसून देवासमोर पाटावर ठेवायचे, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि मला हात लावू द्यायचे नाहीत. धार होती म्हणून नव्हे. "धारंला हात लागला की धार मरती," म्हणायचे. त्यांच्या बोटालाच ती धार कळायची, मला ती पाटी खरडायच्या पट्टीसारखी दिसायची.

आण्णांकडून एक गोष्ट मी फार उशिरा शिकलो. गुळगुळीत आणि सपाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी एकदा क्ले मारलेल्या दरवाजावर त्यांचा हात ठेवून "बघा कसा गुळगुळीत झाला" म्हटलं, तर म्हणाले, "गुळगुळीत काय, दारूची बाटली पण असती. सपाट हाय का?" सपाट नव्हताच, गाडीचा दरवाजा सपाट नसतोच. पण त्यांचा मुद्दा वेगळा होता. स्क्रेप केलेला बेड हाताला तुळतुळीत लागत नाही. त्यात मुद्दाम बारीक खोलगट जागा राहतात, त्यांत तेल धरतं आणि त्या तेलावर वरचा भाग सरकतो. आरशासारखे दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तर ते एकमेकांना धरून बसतात. चौतीस वर्षं माणसाने गुळगुळीतपणावर अविश्वास ठेवून काढली, आणि त्याचा मुलगा रविवार रविवार गाडी गुळगुळीत करण्यात घालवतो. घरात यावर फार बोलणं होत नाही.

पहिल्या वेळी मी मातीच खाल्ली होती, तेही सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बोनेट अर्धं झालं होतं, हात ओले, आणि वडी सटकली ती सरळ फरशीवर. खोक्यावर स्पष्ट लिहिलं होतं की खाली पडली तर फेकून द्या. पण साडेचारशे रुपये. मी ती पाण्याखाली धरली, वरवर चोळली, दिसणारे चार खडे नखाने काढले आणि पुन्हा बोनेटवर ठेवली. एक बारीक 'सर्र' आवाज आला. हात थांबवायला जितका वेळ लागतो तितका वेळ तो चालू राहिला. त्या दिवशी सावलीत काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात बोनेटवर वितीभर लांबीच्या पाच-सहा समांतर रेघा चमकत होत्या. पुढे पॉलिशने त्या बऱ्याच फिकट केल्या, पण एक अजून आहे. कुठे आहे ते मलाच माहीत. आता वडीचे तीन तुकडे करूनच खाली उतरतो. एक पडला तर दोन शिल्लक राहतात आणि जीव तुटत नाही.

खंडेनवमीच्या आदल्या सकाळी सगळं रीतसर केलं. आधी साधं पाणी, मग शाम्पू, वरून खाली. मग लोखंडासाठीचं औषध. आयर्न रिमूव्हर नावाचं हे प्रकरण बघण्यासारखं असतं. बाटलीतून पाण्यासारखं फवारायचं, आणि मिनिटभरात प्रत्येक कणाजवळ जांभळा ओघळ सुटतो. पांढऱ्या गाडीवर तर कोणी टपावर जांभळं ठेचली असावीत असं दिसतं. वॉचमनमामा खुर्चीवरून उठून आले ते याच वेळी. "हे काय, कलर सुटला?" म्हणाले. वास मात्र घाण. बायकोने पहिल्या वेळी गॅलरीतून ओरडून विचारलं होतं, "पार्लर उघडलंस का खाली?" तिचं नाक बरोबर होतं. यात थायोग्लायकोलेट असतं आणि केस कुरळे करायच्या किंवा काढायच्या औषधांतही त्याच घराण्यातलं रसायन असतं. कणाची मुळं निघतात ती या जांभळ्या धारेतून. हे न करता नुसती माती फिरवली तर आपणही त्या गॅरेजवाल्यासारखी डोकीच उडवत बसतो. आणि हे औषध पत्र्यावर सुकू मात्र द्यायचं नाही.

मग वडी. तुकडा हातात मळून पोळीच्या लाटीसारखा चपटा करायचा. स्प्रेच्या बाटलीत शाम्पूचं सौम्य पाणी. पत्रा थंड हवा, सावलीत हवा, आणि ओला तर इतका हवा की पाणी खाली टपटपलं पाहिजे. एका वेळी दीड फूट बाय दीड फूट. तुकडा तीन बोटांखाली धरायचा आणि सरळ रेषेत पुढेमागे न्यायचा. गोल गोल नाही, कारण चुकून ओरखडा उठलाच तर सरळ रेघ कमी दिसते आणि पॉलिशला लवकर ऐकते. दाब द्यायचा नाही, हाताचं वजनही अर्धंच टाकायचं. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत वडी अडखळते. तो अडखळा बोटांना कळतो आणि कानालाही, ओल्या फळ्यावर खडू ओढावा तसा बारीक आवाज. मग आवाज पातळ होत जातो. एका फेरीला तो येतच नाही. वडी तेलावरून गेल्यासारखी निघून जाते आणि आपोआप हात थांबतो.

वडी उलटून बघायची. निळ्यावर करडा पट्टा, पट्ट्यात काळे-तपकिरी ठिपके. हे टपटप पाणी काय करतं, तर वडीला रंगापासून केसभर वर तरंगत ठेवतं. रंगाच्या पातळीवर जे आहे त्याला ती शिवत नाही, जे वर डोकं काढून आहे ते मात्र तिच्यात रुततं आणि उपटून तिच्याबरोबर जातं. म्हणून पाणी कमी पडलं की वडी रंगालाच चिकटते आणि घोटाळा होतो. म्हणूनच दर पॅनेलला घडी घालून आतली स्वच्छ बाजू वर काढायची, नाहीतर उपटलेला कीसच आपण पुढच्या पॅनेलवर फिरवत राहतो.

या वस्तूचं जे पेटंट अमेरिकेत १९९०च्या दशकात नोंदवलं गेलं ते जपानच्या तादाओ कोदाते यांच्या नावावर आहे. त्यात त्यांनी हिला माती म्हटलेलंच नाही. त्या नावाचं मराठी करायचं तर 'मऊ, वळणारी सहाण' असं होईल. हे मला फार आवडलं. सहाणेवर चंदन उगाळलं तर चंदन झिजतं, सहाण जागची हलत नाही. इथे सहाणच हातात मऊ होऊन फिरते. मोटारीच्या कारखान्यात आणि बॉडीशॉपमध्ये शेजारच्या गाडीचा उडालेला रंग बसला तर तो काढायला ही सहाण कामी आली, आणि मग हळूहळू आमच्यासारख्या रिकामटेकड्यांच्या हातात पोचली. क्ले हे नाव विकणाऱ्यांना सोयीचं. सहाण म्हटलं असतं तर निदान आमच्या घरात तरी तिची थट्टा झाली नसती.

तिच्याकडून काय होत नाही हेही सांगतो, कारण हल्ली दुकानदार सगळ्यालाच हो म्हणतात. ओरखडे जात नाहीत. पक्ष्याची विष्ठा उन्हात राहून रंगात जो खड्डा पडतो तो भरत नाही. आमच्या बोअरच्या पाण्याचे जुने डाग अर्धेच निघतात. आणि आधीचं वॅक्स असेल तर तेही निघून जातं, त्यामुळे नंतर काहीतरी लावावंच लागतं, नाहीतर पुढच्या पावसाला गाडी उघडी. कोटिंगबद्दल मला फार बोलायचं नाही. एवढंच की खालचा कीस न काढता वर महागडं कोटिंग चढवलेल्या गाड्या मी हाताने बघितल्या आहेत. त्या चकाकतात, आणि खरखरीत असतात.

आठ वाजत आले तेव्हा आण्णा खाली आले. रोज याच वेळी दूध आणायला जातात. पिशवी हातात तशीच, माझ्यामागे येऊन उभे राहिले. मी टपाची शेवटची बाजू पुसत होतो.

"किती माल जातो ह्यात?" त्यांनी विचारलं. चौतीस वर्षांचा प्रश्न, काहीही घासताना दिसलं की हाच.

"रंगाचा जवळजवळ नाहीच. वर आलेलं असतं तेवढंच निघतं."

"खालच्याला हात न्हाय?"

"पाणी असेल तर नाही."

त्यांनी माझ्या हातातला तुकडा घेतला, उलटा केला, ठिपक्यांचा पट्टा डोळ्यांजवळ नेऊन बघितला. अंगठ्याने दाबून बघितला. "मग ही मातीबिती काय न्हाय," म्हणाले, "स्क्रेपिंगच हाय. निळं पण हाय." आणि हसले. साताऱ्याकडच्या माणसाचं कौतुक एवढंच असतं. मी घाईने आणखी काही बोललो नाही.

मग त्यांनी पिशवी बोनेटवर ठेवली आणि टपावरून बोटं फिरवली. गेली सहा-सात वर्षं साखरेमुळे त्यांच्या बोटांना नीट कळत नाही. गरम कप उशिरा कळतो, शर्टाचं बटण बघून लावावं लागतं. हे ते कोणाला सांगत नाहीत, आम्ही विचारत नाही. बोटं टपावरून एकदा गेली, दोनदा गेली. "गुळगुळीत झालीय की," म्हणाले, पण तसं म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी बादलीच्या कडेला अडकवलेलं ब्रेडचं वेष्टण त्यांना दिलं. कशाला ते सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. हात पुसून त्यांनी ते हातमोज्यासारखं चढवलं, मनगटाशी दुसऱ्या हाताने घट्ट धरलं आणि पुन्हा टपावर हात ठेवला. या वेळी हात सावकाश गेला. मागच्या काचेपासून पुढे, मग एक वीत सोडून परत मागे, प्लेटवर निळा हात फिरवावा तसा, कुठेही जागा न सोडता. पुढच्या दाराच्या वर, जिथे टप वळून खाली उतरतो त्या कडेशी हात थांबला. अर्धा इंच मागे आला. पुन्हा पुढे गेला.

"हितं राहिलंय."

मी उघडं बोट लावून बघितलं. मला काही लागलं नाही. वेष्टण मागून घेतलं, चढवलं, त्या जागेवरून फिरवलं. दोन कण होते. फार तर तीन.

मी खिशातून तिसरा, न वापरलेला तुकडा काढला आणि मळायला लागलो. भिंतीवरून ऊन आता नेमकं त्या कडेवर यायला लागलं होतं. आण्णांनी दुधाची पिशवी उचलली, आणि मला वाटलं निघाले, पण ते दोन पावलं बाजूला सरकून उन्हाच्या आड उभे राहिले. कडेवर त्यांची सावली पडली. मी पाणी मारलं.